कुलूप लावलेली विहीर

६ एप्रिल

पोचले एकदाची. फ्रँकफर्टहून येनापर्यंत गौरांग गाडी चालवत होता आणि मी बोलत होते. पाडव्याच्या दिवशी मुलगी झाली, तरी माझा मुलगा तोंड एवढंसं करून बसलेला. शेवटी म्हटलं, अरे बाप झालास ना, का परीक्षेत नापास झालास? त्यावर तो हसला, पण उसनं.

माझं तिकीट खरं मे महिन्याचं होतं. बाळाने घाई केली म्हणून मलाही करावी लागली. आठव्यातच झालं, त्यात हृदयात दोष, जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन. हे सगळं गौरांगने फोनवर बातम्या वाचून दाखवाव्यात तसं सांगितलं होतं. माझ्या हातातला कुकर तसाच शिट्ट्या देत राहिला होता.

घरी न जाता थेट क्लिनिकमध्ये गेलो. काचेच्या पेटीत एवढासा जीव. तोंडात नळी, नाकात नळी, हाताला नळी. कऱ्हाडच्या पोस्टात खिडकीवर उभा जन्म काढला, 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असे शिक्के हजारो पार्सलांवर मारले, पण असलं पार्सल पाहिलं नव्हतं. नर्सने मला हात धुवायला लावले, मग पेटीच्या भोकातून बोट आत घालू दिलं. बाळाने ते धरलं. चांगलं घट्ट धरलं. हे मूल राहणार. मी तिथल्या तिथे गौरांगला तसं सांगितलं.

वल्लरी शेजारी खुर्चीत बसली होती. बाळंतीण कसली, परीक्षेला बसलेली पोरगी वाटत होती. मला वाकून नमस्कार करायला उठली, मी तिला खांद्याला धरून पुन्हा बसवलं.

११ एप्रिल

बारसं वॉर्डातच उरकलं. पाळणा म्हणजे ती काचेची पेटी. आत्या नाही, कारण गौरांगला बहीण नाही, म्हणून कानात नाव सांगायचं काम मी केलं. काचेला कान नसतात, तरी भोकातून कुजबुजले: अन्वी. नर्सने विचारलं काय चाललंय, वल्लरीने सांगितलं. नर्सने टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, दोन बोटांनी. सगळे इथे मला ओमा म्हणतात. म्हणू देत, आजीच आहे मी.

पाळणागीत मात्र मी म्हटलं नाही. ते घरी आणल्यावर, चार बायका बोलावून.

१७ एप्रिल

वल्लरी दिवसरात्र पंप लावून दूध काढते. मी डिंकाचे लाडू आणले होते, आळिवाची खीर करून घालते, बाजरीची भाकरी करते. दूध भरपूर येतंय. बाळाला नळीतून थेंब थेंब जातं, बाकी सगळं बाटल्यांत भरून, तारखा चिकटवून फ्रीजरमध्ये. मटारच्या पाकिटांना जागा उरलेली नाही. गौरांग म्हणाला, "आई, आता आपल्याला मटार खावेच लागतील." बऱ्याच दिवसांनी दोघं हसली.

आज विषय काढला. सव्वा महिना झाला की बाळंतिणीला विहिरीवर नेतात. विहिरीला हळदकुंकू वाहायचं, ओटी भरायची, भिजवलेले हरभरे ठेवायचे, आणि तिने स्वतः तिथलं पाणी कळशीत भरून घरी आणायचं. विहिरीचं पाणी आटत नाही तसं दूध आटू नये, आणि मूल हिंडतं फिरतं व्हावं. मला माझ्या सासूबाईंनी नेलं होतं, कृष्णेकाठच्या मळ्यातल्या विहिरीवर. गौरांग तेव्हा ढेकर द्यायलाही शिकला नव्हता, आता बघा.

वल्लरी म्हणाली, "आई, येनात विहीर कुठून आणू? इथे सगळं नळाचं आहे." मी म्हटलं, बघू. माझं मन सांगतंय की ही पूजा नीट झाली तर पोर घरी येईल. कुणाला हसायचं असेल तर हसा.

२१ एप्रिल

इथे ईस्टरची सुट्टी. क्लिनिकमधून गौरांगने आम्हा दोघींना जबरदस्तीने गाडीत घातलं, जरा हवा खा म्हणाला. गावाबाहेर एका जुन्या जहागीरदाराचा श्लॉस, म्हणजे वाडा आहे, त्याभोवती बाग. बाग कसली, अख्खं शिवार. तळं, टेकाड, वळणावळणाच्या वाटा, मुद्दाम मोकळी सोडलेली हिरवळ. गौरांग म्हणाला हे सगळं माणसांनी केलेलं आहे, तळंसुद्धा. मला वाटलंच. सगळं आखून केलेलं, आणि आखलंय असं दिसू नये म्हणून पुन्हा आखलेलं. आमच्या जावयाच्या आईचं बोलणं असतं तसं, असं म्हणणार होते, पण मला जावईच नाही.

आणि तिथे टेकाडावर, लिंडनच्या झाडांखाली, विहीर.

एका अखंड दगडातून कोरलेला कठडा, माझ्या कमरेएवढा. बाजूंनी द्राक्षांचे वेल, सिंहांची तोंडं. वर लोखंडी झाकण आणि त्याला कुलूप. पण झाकणाच्या कडेने बोट घातलं तर आतल्या काठावर खाचा लागल्या. दोरखंडाच्या खाचा. त्या मला कुणी शिकवायला नकोत. वर्षानुवर्षं बायकांनी पाणी ओढल्याशिवाय दगड असा झिजत नाही. मी वल्लरीचा हात धरून बोट तिथे फिरवायला लावलं.

शेजारी एक पाटी होती, वल्लरीने वाचली. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, जुनी आहे, पाचशे वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, ठरलं. सहा मेला इथेच.

२८ एप्रिल

गौरांग आणि वल्लरीला आज डॉक्टरांशी टेर्मिन होता, भेटीची ठरवून दिलेली वेळ. मोठे डॉक्टर, दोन नर्सा, आणखी एक बाई, सगळे एका खोलीत बसले, दार लावलं. मी बाळापाशी थांबले. बराच वेळ झाला. काचेतून दिसलं, त्यांनी दोघांना कॉफी दिली होती. इथले डॉक्टर इतके सभ्य आहेत. आपल्याकडे उभ्या उभ्या कागद हातात देतात.

घरी आल्यावर गौरांग माझ्यासमोर येऊन बसला. "आई, जरा ऐक ना. अन्वीचं कसं आहे, तिच्या मेंदूला..." मी त्याला तिथेच अडवलं. त्याच्या वडिलांच्या वेळी तो असाच तोंड करून बसायचा, आणि मी ऐकून ऐकून काय मिळवलं? म्हटलं, वाईट बोलून दाखवायचं नाही, घरात बाळंतीण आहे. पूजा होऊ दे, मग काय ते बोल. तो वल्लरीकडे बघायला लागला. ती म्हणाली, "राहू दे, गौरांग. आईंना राहू दे."

समजूतदार आहे पोरगी. मला पहिल्यापासून आवडते, फक्त तिला तसं कधी बोलून दाखवलं नाही.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. दिवस चांगला म्हणून मी मुद्दाम लक्ष ठेवून होते, आणि काही काही चांगलं झालंच. एक तर नियम सैल केलेत, अन्वीला आता हवा तितका वेळ मांडीवर घेऊ देतात, अगदी मलासुद्धा. कोण बरं होत असल्याशिवाय असं करू देईल? दुसरं, एक बाई येऊन तिच्या पावलांचे ठसे घेऊन गेली, निळ्या शाईत, जाड कागदावर. पैसे नाहीत, काही नाही. मी म्हटलं, एक प्रत कऱ्हाडला न्यायला हवी. तिने लगेच दुसरा काढून दिला आणि माझा हात दाबला. जर्मन लोक कोरडे असतात असं कोण म्हणतं?

संध्याकाळी मात्र डोकं फिरलं. फ्रीजर उघडला तर रिकामा. एक बाटली नाही. वल्लरी म्हणाली, दूध क्लिनिकला देऊन टाकलं, तिथल्या दुसऱ्या बाळांसाठी. आणि पंपही परत केला. मी म्हटलं, जगाची लेकरं पोसायला निघालीस, स्वतःच्या पोरीला काय पाजणार? घरी आल्यावर तिला काय मटार देणार? खूप बोलले. ती फ्रीजरचं दार धरून उभी राहिली. उलट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

कोबीची पानं बांधून छाती आवळून घेतलीय तिने. म्हणजे दूध आटवतेय. कळत नाही मला या शिकलेल्या मुलींचं.

३ मे

चार झबली शिवून झाली. पाचव्याला बंद लावायचे राहिलेत. वल्लरी आज दुपारभर माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्यावर रागावलेली आहे हे तिला माहीत आहे, तरी आली. मग मीच बोलायला लागले. अन्वी घरी आल्यावर खाट कुठे ठेवायची, उन्हात किती वेळ घ्यायचं, पहिला दात आला की काय करायचं. तिने विचारलं, "आणि चालायला लागली की?" मी सांगितलं. ती आणखी विचारत गेली. शाळेत पहिल्या दिवशी काय घालायचं इथपर्यंत आलो. मी म्हटलं, अगं, आधी पोरीला घरी तर येऊ दे.

६ मे

पूजा झाली. नीट झाली.

गौरांग अन्वीपाशी थांबला, आम्ही दोघी टॅक्सीने गेलो. वल्लरी हिरवी साडी नेसली होती, माझी. नारळ एशियन दुकानातून, विड्याची पानं मिळाली नाहीत, हरभरे रात्री भिजवले होते. कळशी नाही म्हणून माझा तांब्याचा तांब्या.

हळदकुंकू वाहिलं न वाहिलं तोच माळी आला. म्हातारा माणूस, हिरवे बूट घातलेला. आधी वाटलं दगडाला हळद लागली म्हणून ओरडतो. पण ओरडला नाही. मी वल्लरीला म्हटलं, त्यांना म्हणावं, झाकण उघडा, एक तांब्या पाणी हवंय. तिने सांगितलं. तो हसला, मग त्याने हसू आवरलं. झाकणावर टकटक केली, खाली जमिनीकडे बोट केलं, दोन्ही हात पसरून मान हलवली, बरंच बोलला. वल्लरी मधे मधे "या, या" म्हणत होती, म्हणजे हो, हो. मग मला म्हणाली, "पाणी फार खोल आहे म्हणतायत. आणि किल्ली ऑफिसात असते, ऑफिस आज बंद."

मी म्हटलं, नशीब आपलं. मग बाटलीतलं पाणी झाकणावरून ओघळवून तांब्यात धरलं. विहिरीला लागलं म्हणजे विहिरीचंच झालं. माळी टोपी काढून हातात धरून लांब उभा राहिला, शेवटपर्यंत.

ओटी भरल्यावर वल्लरीने विचारलं, "आई, मागायचं काय?" मी सांगितलं तसं तिने म्हटलं. "तुझं पाणी आटू नये, माझं दूध आटू नये, माझं मूल..." इथे अडली. मी पुढचं सांगितलं, माझं मूल अंगणात खेळावं. तिने दोन्ही हात झाकणावर ठेवले, गाल टेकवला, आणि ते म्हटलं. मग एकदा पुन्हा म्हटलं, मी सांगितलं नव्हतं तरी. लोखंड उन्हाने तापलेलं असणार. मी तिला उठवून घेतलं.

तांब्या तिने घरापर्यंत मांडीवर धरून आणला. एक थेंब सांडला नाही.

८ मे, सकाळ

आज नळ्या काढणार. सगळ्या. गौरांगने नाश्त्याला बसल्यावर सांगितलं आणि उठून बाथरूममध्ये गेला. आनंदाने रडू येतं माणसाला, माझंही तसंच होतं. दोन दिवसांत गुण आला. कुणी काही म्हणो.

वल्लरीची आई पुण्याहून फोनवर सारखी रडत होती, मी फोन घेऊन तिला म्हटलं, विहीणबाई, आता तरी पुसा डोळे. ती आणखीच रडायला लागली.

एक फोटोग्राफर पण येणार आहे म्हणे, फुकट फोटो काढतात इथे. बिननळीचा पहिला फोटो. पाचवं झबलं तयार आहे, पिवळं. मी काठापदराची साडी नेसलेय. निघतो.

१२ मे

अन्वी गेली. त्याच दिवशी, दुपारी, वल्लरीच्या छातीवर. पिवळं झबलं अंगात होतं.

दारात डॉक्टरीणबाईंनी मला थांबवून हळू इंग्रजीत सांगितलं, तेव्हा मला कळलं. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचं सांगतायत.

१६ मे

आपल्यात एवढ्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत, पुरतात. इथेही पुरतात. त्यामुळे कुणाला काही समजावावं लागलं नाही. मुलांचा वेगळा भाग आहे, तिथे प्रत्येकाने भिरभिरी लावलीत. पेटी गौरांगने एकट्याने उचलून नेली, एका हातावर मावत होती. मी शेवटी पाळणा म्हटला. चार बायका नव्हत्या. आवाज लागला नाही, तरी पुरा म्हटला.

१९ मे

या दोघांना अठ्ठावीस एप्रिललाच माहीत होतं. गौरांगने आज सांगितलं. काही करता येणार नाही, त्रास कमी करू, तुम्ही म्हणाल त्या दिवशी मशीन थांबवू, असं तेव्हाच ठरलं होतं. ठसे त्यासाठी. मांडीवर देत होते ते त्यासाठी. आणि मी त्या बाईकडून आनंदाने दुसरी प्रत मागून घेतली.

मी सांगणार होतो, तूच ऐकलं नाहीस, असं तो म्हणाला. खरं आहे. तरी मला राग आला. मला वेडी करून फिरवलं सगळ्यांनी. मी नटूनथटून, काठापदराची साडी नेसून नातीच्या मरणाला गेले. दोघांशी बोलत नाही. परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे, ते बरंच आहे.

२३ मे

सकाळी गौरांग कामावर गेल्यावर वल्लरी स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या लाटत होते. मी पाठमोरी असतानाच ती म्हणाली, "आई, त्या विहिरीखाली विहीर नाही."

मी वळले नाही. तिने सांगितलं. कुणा जहागीरदाराने तो कठडा इटलीत, व्हेनिसला विकत घेतला आणि बागेत शोभेला आणून ठेवला. विहीर तिकडेच राहिली. इथे झाकणाखाली वीतभर पोकळी आणि मग माती. पाटीवर तेच लिहिलेलं होतं, माळीही तेच सांगत होता. "मी तुम्हाला वेगळं सांगितलं," म्हणाली.

मग मात्र माझा तोल गेला. लाटणं आपटलं. म्हटलं, विहीर नाही हे ठाऊक, पोर राहणार नाही हे ठाऊक, मग माझी साडी नेसून ते नाटक कशाला केलंस? म्हातारीची गंमत बघायला?

ती खाली फरशीवर बसली, ओट्याला टेकून. रडत नव्हती. म्हणाली, "घरात सगळ्यांसाठी ती गेलेलीच होती, आई. गौरांगसाठी, माझ्या आईसाठी, डॉक्टरांसाठी. माझ्यासाठीपण. तुम्ही एकट्याच झबली शिवत होतात. तुमच्याजवळ बसलं की ती घरी यायची, चालायची, शाळेत जायची. तुम्हाला सांगितलं असतं तर ती तुमच्यासाठीही गेली असती, आणि मग ती कुठेच उरली नसती. मला ते दहा दिवस हवे होते."

पोळी तव्यावर जळली. मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी बसले. गुडघे वाकत नाहीत माझे, तरी बसले. म्हटलं, त्या दुधावरून मी तुला काय काय बोलले गं.

"ते बरं वाटलं मला," ती म्हणाली. "तुम्ही रागावलात म्हणजे तिला दूध लागणार होतं."

तेव्हा मी रडले. स्मशानात रडले नव्हते ते सगळं रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं तर ते उलट व्हायला हवं होतं.

मग तिने विचारलं, "तुम्ही रोज काहीतरी लिहीत असता, त्यात अन्वीचं आहे ना? वाचून दाखवाल?" मी म्हटलं, नको. त्यात सगळं चुकीचं आहे. एका मूर्ख बाईला काय काय वाटत होतं तेवढंच आहे त्यात.

"मला तेच हवंय," ती म्हणाली.

वही आणली. फरशीवरच बसून पहिल्या दिवसापासून वाचायला लागले. लाज वाटत होती, एकेक वाक्य गिळावंसं वाटत होतं. वल्लरी डोळे मिटून ऐकत होती, मधेच एकदा हसलीसुद्धा. आठ मेच्या सकाळपर्यंत आलो. निघतो, असं वाचलं आणि पान उलटायला गेले, तर तिने वहीवर हात ठेवला.

"इथेच थांबा. पुन्हा पहिल्यापासून वाचा."

मी वाचलं.